मूळव्याधीचं गृहीतक

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2013-14 च्या वर्षभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे 800 नवे रुग्ण आले. त्यांच्या नोंदींचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांचं सरासरी वय निघालं 47. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः साठीच्या पुढच्यांचा मानला जातो, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती वेगळा आहे ते कळतं. पण मला त्याच अभ्यासातले दुसरे दोन आकडे अधिक अस्वस्थ करतात. 57 टक्के रुग्णांची तक्रार शौचाच्या वेळी रक्त पडण्याची होती, आणि 28 टक्के रुग्णांत निदान झालं तेव्हाच कर्करोग यकृत, फुप्फुस किंवा अशाच दुसऱ्या अवयवापर्यंत पोचलेला होता. स्वादुपिंडाचा कर्करोग उशिरा कळतो, कारण तो बराच काळ काही कळूच देत नाही. इथे निम्म्याहून अधिक माणसांना डोळ्यांना दिसेल अशी खूण मिळाली होती, तरी चारातल्या एकाहून जास्त जण उपचारांपर्यंत पोचले ते आजार पसरल्यावर. खूण दिसली आणि तिचा अर्थ लागेपर्यंत मधे महिने गेले. ते कुठे गेले, हा या लेखाचा विषय आहे. माझं उत्तर असं आहे, की तरुण माणसाच्या रक्तस्रावाला आपल्याकडे आधीपासून तयार असलेलं स्पष्टीकरण हे महिने खाऊन टाकतं.

ते स्पष्टीकरण म्हणजे मूळव्याध. एसटी स्टँडची भिंत, रेल्वेचा डबा, गावाबाहेरचं होर्डिंग, कुठेही पाहा, ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, बिनाऑपरेशन इलाज’ अशी जाहिरात असतेच. रक्त दिसलं की माणूस आधी तिखट सोडतो, मग इसबगोल घेतो, मग कोणी सांगितलेलं मलम लावतो. लाजेचा भाग मोठा असतो. बायकांच्या बाबतीत तर नवऱ्यालाही सांगायचं नाही इतका मोठा. शेवटी डॉक्टरकडे गेलं तरी गर्दीच्या दवाखान्यात पस्तिशीच्या माणसाला कपडे उतरवून कुशीवर झोपायला क्वचितच सांगितलं जातं. तक्रार ऐकून गोळ्या आणि मलम लिहून दिलं जातं, आणि रुग्णालाही त्यात सुटल्यासारखं वाटतं. रक्ताबरोबर चिकट शेम पडत असेल तर ‘आव पडतेय’ म्हणून जंतांचं आणि अमिबाचं औषध मिळतं. पोटात कळा आणि वजनात घट असेल तर आतड्याच्या क्षयाची शंका येते, आणि भारतात ती शंका वाजवीही असते. पण नमुना न तपासता क्षयाचं औषध सुरू झालं, तर दोन-तीन महिने वाट पाहण्यातच जातात. या प्रत्येक निर्णयामागे काही ना काही तर्क आहे. आपल्याकडे मूळव्याध, आव आणि क्षय हे तिन्ही आजार कर्करोगापेक्षा कितीतरी अधिक आढळतात. अडचण अशी, की ‘अधिक आढळतो’ यावरून ‘या माणसाला तोच झालाय’ असं आपण तपासणी न करता ठरवून मोकळे होतो.

वयाची ढाल आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही, हे दाखवणारा पुरावा प्रामुख्यानं बाहेरच्या देशांतून आला आहे. अमेरिकेत 1990 च्या सुमारास जन्मलेल्या लोकांना, 1950 च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात होता त्याच्या दुप्पट आतड्याच्या कर्करोगाचा आणि चौपट गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका आहे, असं 2017 मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं. पन्नाशीच्या आतल्या अमेरिकन पुरुषांत कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंत 1990 च्या दशकाच्या अखेरीस हा आजार चौथ्या क्रमांकावर होता. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या 2024 च्या अहवालात तो पहिल्या क्रमांकावर आला. त्याच वयाच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो. ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाचा नायक चॅडविक बोझमन ऑगस्ट 2020 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी याच आजारानं गेला, तेव्हा सामान्य लोकांना या बदलाची पहिल्यांदा जाणीव झाली. हा बदल अमेरिकेपुरताही नाही. 2024 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात 50 देश आणि प्रदेशांची आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांतल्या 27 ठिकाणी 25 ते 49 वयोगटात हा कर्करोग वाढताना दिसला. काही देशांत तर म्हाताऱ्यांमध्ये तो स्थिर आहे किंवा घटतो आहे आणि तरुणांतच तेवढा वाढतो आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हल्ली तपासण्या वाढल्या आहेत, शोधायला लागलं की सापडतंच. हा आक्षेप इतर काही कर्करोगांच्या बाबतीत खराही ठरला आहे. थायरॉइडचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पण तिथे निदानं वाढली तरी मृत्यू वाढले नाहीत. आतड्याच्या कर्करोगात अमेरिकेतल्या तरुणांचे मृत्यूही 2000 च्या दशकाच्या मध्यापासून हळूहळू वाढत गेले आहेत. शिवाय लक्षणं नसताना सरसकट तपासणी करण्याचं वय तिथे 2018 पर्यंत 50 होतं. त्या वर्षी अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ते 45 वर आणलं आणि 2021 मध्ये सरकारी तज्ज्ञगटानंही तसंच केलं. म्हणजे ज्या काळात तरुणांतली वाढ सुरू झाली, त्या काळात त्यांना कोणी मुद्दाम शोधत नव्हतं. तपासणीचं वय खाली आल्यानंतर 45 ते 49 या वयात प्राथमिक अवस्थेतली निदानं एकदम वाढली, ती मात्र नव्या तपासणीमुळे. हे चांगलंच झालं, पण त्यानं आधीच्या तीस वर्षांच्या वाढीचा उलगडा होत नाही.

दुसरा आक्षेप खास भारतासाठी आहे आणि तो अधिक वजनदार आहे. भारत तरुणांचा देश आहे. निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली असताना कुठल्याही आजाराच्या रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्यांपेक्षा कमीच निघणार. तेव्हा टाटा रुग्णालयातल्या 47 या आकड्यावरून भारतीय तरुणांना धोका जास्त आहे किंवा वाढतो आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर भारतात हा कर्करोग अमेरिकेच्या किंवा युरोपच्या तुलनेत खूपच कमी आहे. 140 कोटींच्या देशात 2022 साली नव्या रुग्णांचा अंदाज 70 हजारांच्या आसपास होता, तर जगभरचा आकडा 19 लाखांच्या वर. पण इथे दोन प्रश्न एकात मिसळले जातात. ‘एका तरुणाला धोका किती’ हा एक प्रश्न आणि ‘आलेल्या रुग्णांत तरुण किती’ हा दुसरा. लोकसंख्या तरुण आहे म्हणून रुग्ण तरुण आहेत, असं म्हटल्यानं ते रुग्ण कमी होत नाहीत. उलट दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरच्या दृष्टीनं दुसराच प्रश्न कामाचा आहे. त्याच्याकडे येणारे या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं पन्नाशीच्या आतले असतील, तर ‘वय लहान आहे, म्हणजे कर्करोग नसणार’ हा ठोकताळा पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात जास्त चुकेल. आणखी एक गोष्ट टाटाच्या अभ्यासात आहे. 13 टक्के रुग्णांच्या गाठी ‘सिग्नेट रिंग’ या आक्रमक प्रकारच्या होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं. हा प्रकार तरुणांत अधिक दिसतो आणि आतड्याच्या भिंतीत पसरत जातो. अशा आजारात महिने फुकट घालवण्याची सोय नसते.

मग तरुणांत हे वाढतंय कशामुळे? जन्मसालानुसार धोका बदलतो, याचा अर्थ कारण आनुवंशिकतेत नसून वातावरणात आणि राहणीत आहे. जनुकं चाळीस वर्षांत बदलत नाहीत. लठ्ठपणा, बैठं आयुष्य, गोड पेयं, प्रक्रिया केलेलं मांस, लहानपणी झालेला अँटिबायोटिक्सचा मारा अशी संशयितांची यादी मोठी आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका दीर्घकालीन अभ्यासात लठ्ठ स्त्रियांना पन्नाशीच्या आत हा कर्करोग होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. रोज दोन किंवा अधिक गोड पेयं पिणाऱ्या स्त्रियांचा धोकाही, क्वचित पिणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक निघाला. मात्र लाखाच्या आसपास स्त्रियांच्या त्या गटात प्रत्यक्ष रुग्ण शंभरावर थोडे होते, तेव्हा या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्येच जाहीर केलं आहे. त्यावरून ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होणार’ असं म्हणणारे आपल्याकडे बरेच भेटतात. मांस न खाल्ल्यानं यादीतलं एक कारण कमी होतं. वजन, व्यायामाचा अभाव, दारू, तंबाखू आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या शाकाहारी माणसाच्याही वाट्याला येतातच. आणि ज्याला हा आजार होतो, तो अनेकदा सडपातळ, नियमित चालणारा, घरचं जेवणारा माणूस असतो. वरच्या यादीतलं एकही कारण त्याला लागू पडत नाही.

म्हणूनच 2025 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेलं संशोधन मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंच्या काही जाती ‘कोलिबॅक्टिन’ नावाचं विष तयार करतात आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञांनी 2006 मध्येच दाखवलं होतं. ही इजा डीएनएवर विशिष्ट ठसा सोडते. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली 11 देशांतल्या 981 गाठींचा जनुकीय नकाशा तपासला गेला, तेव्हा चाळिशीच्या आत निदान झालेल्यांच्या गाठींत हा ठसा सत्तरीपुढच्या रुग्णांच्या तुलनेत 3.3 पट अधिक आढळला. ठसा गाठीच्या इतिहासात इतका आधी उमटलेला असतो, की ही इजा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतच होत असावी, असा त्यांचा अंदाज आहे. हे खरं ठरलं, तर तिशीतल्या कर्करोगाची सुरुवात प्राथमिक शाळेत असताना झालेली असू शकते. पण हा पुरावा अजून संबंध दाखवणारा आहे. हे जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या आतड्यातही सुखानं नांदतात. काहींच्याच बाबतीत ते घातक का ठरतात, हे उलगडायचं आहे. शिवाय त्या 11 देशांत भारत नव्हता. आपल्या मुलांच्या आतड्यातले जिवाणू, आपलं पाणी, आपल्याकडची औषधं यांचा असा अभ्यास इथेच व्हायला हवा.

कारणांचा हा शोध पुरा व्हायला वर्षं लागतील, आणि कारण सापडलं तरी आज तिशीत असलेल्यांचं बालपण परत आणता येणार नाही. पस्तिशीच्या माणसाला सरसकट तपासणीचा आधारही नाही; अमेरिकेतसुद्धा ती 45 ला सुरू होते. भारतात सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची तपासणी आहे, आणि आपल्याकडचं प्रमाण पाहता तो प्राधान्यक्रम मला बरोबर वाटतो. सगळ्या तरुणांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी, करावी असं मी सुचवत नाही. ते परवडणारं नाही आणि शहाणपणाचंही नाही. पण म्हणूनच तरुणांच्या बाबतीत आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे लक्षणं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या रुग्णांची निदानापूर्वीची दोन वर्षं तपासली. पोटदुखी, शौचातून रक्त, जुलाब आणि लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय ही चार लक्षणं निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधीपासून दिसत होती. एक लक्षण असणाऱ्यांत धोका जवळपास दुप्पट, तर तीन किंवा अधिक असणाऱ्यांत साडेसहापट होता.

या चारांतल्या रक्तक्षयाकडे आपल्याकडे खास लक्ष द्यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आहे. रक्तक्षय इतका सार्वत्रिक आहे, की हिमोग्लोबिन आठ निघालं तरी कोणी दचकत नाही. पाळी, बाळंतपण, खाणं अशी कारणं तयार असतात आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. आतड्याच्या उजव्या भागातल्या गाठीतून रोज थोडं थोडं, डोळ्यांना न दिसणारं रक्त जात राहतं आणि तिची पहिली खूण बहुधा हीच असते. पुरुषाला तर पाळीचं कारण नसतं. चाळिशीतल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन लोहाअभावी घसरलं असेल, तर ते रक्त जातंय कुठे, हे विचारल्याशिवाय त्याला टॉनिक देऊन घरी पाठवू नये. गोळ्या घेऊनही ज्या स्त्रीचं रक्त भरत नाही किंवा भरून पुन्हा उतरतं, तिच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायला हवा.

आता सगळ्यात व्यवहारी आक्षेप. रक्त पडणाऱ्या शंभर तरुणांपैकी बहुतेकांना खरोखरच मूळव्याध किंवा फिशर असतो. प्रत्येकाला घाबरवून दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं, तर खर्च वाढेल, रांगा लागतील आणि ज्याला खरी गरज आहे तोच मागे राहील. हे खरं आहे, पण तपासणी म्हणजे एकदम कोलोनोस्कोपी असं मानल्यामुळे हा पेच मोठा दिसतो. पहिली पायरी अगदी स्वस्त आहे: हातमोजा घालून बोटानं गुदाशय चाचपणं. तरुणांतल्या गाठी प्रामुख्यानं आतड्याच्या डाव्या भागात आणि गुदाशयात असतात. टाटाच्या रुग्णांत 42 टक्के गाठी गुदाशयातल्याच होत्या. त्यातल्या खालच्या भागातल्या गाठी बोटाला लागू शकतात. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि यंत्र लागत नाही. प्रॉक्टोस्कोप या छोट्या नळीतून मूळव्याधीचा मोड प्रत्यक्ष दिसला, वय लहान आहे, हिमोग्लोबिन उत्तम आहे, दुसरं काही लक्षण नाही आणि औषधानं काही आठवड्यांत रक्त थांबलं, तर तिथेच थांबायला हरकत नाही. मात्र मोड दिसला म्हणजे वर गाठ नाही असं होत नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. म्हणून रक्त थांबलं नाही, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं किंवा रक्तक्षय निघाला, तर पुढची पायरी चढायलाच हवी. त्या पायरीवर विष्ठेतलं अदृश्य मानवी रक्त ओळखणारी ‘फिट’ ही चाचणी मदतीला येते. इंग्लंडमध्ये 2023 पासून लक्षणं असलेल्यांपैकी कोलोनोस्कोपी कुणाची आधी करायची, हे याच चाचणीवरून ठरवतात आणि त्यात ठरावीक लक्षणं असलेले पन्नाशीच्या आतले रुग्णही येतात. चाचणी निर्दोष आली तरी लक्षणं टिकून असतील तर दुर्बीण टळत नाही, हेही तिथे गृहीत आहे. आपल्याकडे या जागी बऱ्याचदा पोटाची सोनोग्राफी होते आणि ती ‘नॉर्मल’ आली की सगळे निश्चिंत होतात. सोनोग्राफीत यकृत आणि मूत्रपिंडं चांगली दिसतात. आतड्याच्या आतल्या अस्तरावरची छोटी गाठ दिसत नाही. त्या कागदावर विसंबून रक्ताकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे.

अभ्यासू वाचक इथे एक शंका काढेल. काही संशोधनांत निदानाला लागलेला उशीर आणि आजाराची अवस्था यांचा सरळ संबंध दिसलेला नाही. आक्रमक गाठी लवकर कळूनही पसरलेल्या असतात आणि संथ गाठी उशिरा कळूनही आटोक्यात असतात. मग या धावपळीनं काय साधणार? ही शंका रास्त आहे, आणि लवकर आला असता तर प्रत्येक जण वाचला असता असं कोणी कुठल्याही कुटुंबाला सांगू नये. तरीही दोन टोकांमधलं अंतर इतकं मोठं आहे, की ते नजरेआड करता येत नाही. अमेरिकेतल्या नोंदींनुसार आजार आतड्यापुरता असताना निदान झालं तर पाच वर्षांनी सुमारे 90 टक्के रुग्ण हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास उतरतं. याशिवाय जगण्याच्या आकड्यात न मोजल्या जाणाऱ्या गोष्टी आहेत. आतडं पूर्ण तुंबल्यावर रात्री तातडीनं करावं लागणारं ऑपरेशन आणि तयारीनं केलेलं ऑपरेशन यांत फार फरक असतो. गुदाशयातली गाठ लहान असताना गुदद्वाराचे स्नायू वाचवता येण्याची शक्यता अधिक असते आणि पोटावर कायमची पिशवी लावणं टळू शकतं. पस्तिशीच्या माणसाला त्या पिशवीसह चाळीस वर्षं काढायची असतात, हेही या हिशेबात धरायला हवं.

तरुण रुग्णाच्या गरजा वेगळ्या आहेत, याचा विचार उपचार ठरवतानाही उशिराच होतो. ओटीपोटाला रेडिएशन दिल्यावर बीजाशयं निकामी होऊ शकतात. म्हणून मूल हवं असणाऱ्या स्त्रीशी बीजांडं गोठवून ठेवण्याबद्दल आणि पुरुषाशी शुक्राणू साठवण्याबद्दल उपचार सुरू होण्याआधी बोलायला हवं, नंतर उपयोग नसतो. दुसरी गोष्ट आनुवंशिकतेची. तरुणांतली वाढ आनुवंशिक नाही हे वर आलंच, पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांपैकी साधारण सहांतल्या एकात घातक जनुकदोष सापडतो आणि त्यात ‘लिंच सिंड्रोम’ हा प्रमुख आहे. या दोषात डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते. ही यंत्रणा गाठीत शाबूत आहे की नाही, हे बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर तपासता येतं आणि त्याचा उपयोग दुहेरी आहे. यंत्रणा बिघडलेली असेल तर इम्युनोथेरपी विलक्षण काम करते: 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात अशा गुदाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या बाराही रुग्णांच्या गाठी डोस्टारलिमॅब या एकाच औषधानं, ऑपरेशन आणि रेडिएशनशिवाय नाहीशा झाल्या. अशा गाठी गुदाशयाच्या कर्करोगात थोड्याच असतात आणि औषध महाग आहे. पण तपासणीच केली नाही तर त्या थोड्यांना हा पर्याय आहे हेही कळत नाही. दुसरा उपयोग कुटुंबाचा. लिंच सिंड्रोम निघाला तर भावंडांना आणि मुलांना तो असण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांच्यात तो सापडेल त्यांनी साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेतली, तर पॉलिप गाठ होण्याआधीच काढून टाकता येतो. जनुकदोष सापडला नाही तरी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा घरातल्या रुग्णाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा पहिली तपासणी करून घ्यावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. अडतिसाव्या वर्षी निदान झालेल्या माणसाच्या भावानं ती अठ्ठाविसाव्या वर्षी करायची असते, आणि हे त्या भावाला रुग्णाच्या डिस्चार्जच्या कागदावर लिहूनच मिळायला हवं.